प्रतिसाद: मीलवर्मच्या डब्यातली केसाळ अळी

मीलवर्मच्या (माशांना खाऊ म्हणून कोंड्यात पाळतात त्या भुंगेऱ्याच्या अळ्या) डब्यात केसाळ अळी निघाली, ती कसली, असा प्रश्न होता. त्यावरचं ‘केसाळ आहे म्हणजे सुरवंटच, कोंड्यातून आला असणार’ हे मत पटलं नाही. सुरवंटाला पोटाखाली मांसल पाय असतात. हिला पुढचे सहाच, हे मोजून बघा. ही बहुधा डर्मेस्टिड (मेलेले, वाळलेले प्राणी खाणाऱ्या) भुंगेऱ्याची अळी. केसांबरोबर शेपटीकडे दोन बारीक शिंगं असतील तर त्यांच्यातला डर्मेस्टिस हा प्रकारच. (संग्रहालयांत हाडं साफ करायला हेच किडे मुद्दाम पाळतात!)

ठाण्यात आमच्या अरोवाना माशाच्या मीलवर्मच्या डब्यात गेल्या पावसाळ्यात अशाच निघाल्या. जिवंत मीलवर्मना सोडून मेलेले, वाळलेले फस्त करत होत्या, वर सालपटांसारख्या कातींचा थर. केस टोचरे, म्हणून माशाला घातल्या नाहीत. मीलवर्म चाळून नव्या कोंड्यात टाकले, आता मेलेले रोज उचलतो. जुना कोंडा बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवला. तेवढे दिवस घरात कुणी बर्फ मागितला नाही.