मदत हवी आहे : निळू फुले यांच्या संयत भूमिका कोणत्या चित्रपटांत पाहता येतील?

जब्बार पटेल यांचा १९७९ सालचा ‘सिंहासन’ नुकताच पाहिला आणि त्यात पत्रकार दिगू टिपणीस साकारणारे निळू फुले माझे सर्वांत आवडते अभिनेते का आहेत, हे पुन्हा जाणवले. ‘सामना’मधील हिंदुराव धोंडे पाटलांचा दरारा आणि दिगूचे मुकाट पाहत राहणे ही एकाच नटाची कामे आहेत, यावर विश्वास बसत नाही, माझ्या मते दिगूची भूमिका अधिक अवघड आहे. खलनायकाच्या साच्याबाहेरच्या अशा त्यांच्या भूमिका आणखी कोणत्या चित्रपटांत आहेत, आणि त्यांपैकी कोणते चांगल्या प्रतीत, अधिकृतपणे पाहायला मिळतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हे चित्रपट वडिलांसोबत पाहायचे आहेत. त्यांनी निळूभाऊंना वगनाट्यांतून प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिले आहे.