सर्जरीनंतर वजन परत वाढलं, म्हणजे गुन्हा केला का?

निळी_छत्री
परवा इथे एकाने लिहिलं, "बेरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवायची पोटाची सर्जरी) करून वजन परत वाढवणाऱ्यांनी पैसे पाण्यात घातले. पाच दिवस नुसतं पातळ प्या, पोट पुन्हा लहान होतं. बाकी सगळ्या सबबी." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझी स्लीव्ह सर्जरी २०१३ ची. १२१ किलोंवरून दीड वर्षात ७६ वर आले. मग दुसरं बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, आणि दरवर्षी तीन-चार किलो वाढत २०२४ मध्ये १०४. इतकी वर्षं सर्जनला तोंड दाखवलं नाही, कारण तुमच्यासारख्यांचं बोलणं डोक्यात होतं. स्लीव्हमध्ये पोटाचा जवळजवळ पाऊण भाग काढतात. उरलेली नळी काळाने थोडी सैल पडते, ती ताक-सूप पिऊन आवळत नाही. पाच दिवसांत जे उतरतं ते बहुतेक पाणी.

शेवटी गेले. एंडोस्कोपी झाली, बी-१२ आणि लोह तपासलं, लोह पार तळाला होतं. आज ८९ आहे. पंधरा किलोंना दीड वर्ष लागलं, पहिल्या वेळी तेवढे तीन महिन्यांत गेले होते. आधी प्रोटीन मग बाकीचं, जेवताना पाणी नाही, आठवड्यातून तीनदा डंबेल्स, आणि २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं औषध भारतात आल्यावर त्याचं आठवड्याला एक इंजेक्शन.

सांगलीकर
ताई, राग समजला, पण थोडं आमचंही ऐका. माझी बायपास २०११ ची, हृदयाची नाही, पोटाची: पोटाचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. सर्जरीने पोट लहान होतं, जीभ नाही. ज्यांचं वाढलं त्यांच्या घरी जाऊन बघा, टेबलावर फरसाणाचा डबा असतो. चहात बुडवलेली खारी सरसर उतरते, पोट भरल्याचं कळतच नाही. अर्धी चपाती आणि उसळ खाल्ली की लगेच कळतं. आणि इंजेक्शन बंद केलं की वजन परत येणारच.

निळी_छत्री
खारीचं खरं आहे, मीही खायचे. पण स्वीडनमध्ये बायपासवाल्यांना दहा वर्षं तपासलं, तेव्हा वर्ष-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलेलं वजन दहाव्या वर्षी २५ टक्क्यांवर आलं होतं. ते सगळे बेशिस्त होते का?

दोनदाच_जेवतो
एवढा खटाटोप कशाला? दीक्षित सर सांगतात तसं दिवसातून दोनदा जेवा, ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटं चाला. माझे १४ किलो गेले. ना सर्जरी, ना सुई.

ताटवाटी
अहो दादा, तुमचं पोट अख्खं आहे. मी डाएटिशियन आहे. सर्जरीवाल्याला एका बैठकीला वाटीभर जातं. दिवसाचं किमान ६० ग्रॅम प्रोटीन दोन वाट्यांत बसवून दाखवा. कोंबलं तर उलटी होते.

दोनदाच_जेवतो
ही पद्धत काढणाऱ्या डॉ. जिचकारांपासून लाखो लोकांना हे फुकट मिळतंय, म्हणून तुमच्या फीला झळ बसते. तेच दुखणं आहे.

ताटवाटी
फीवर घसरू नका! माझ्या सख्ख्या मामेबहिणीने बायपासनंतर दोन वेळाचं सुरू केलं. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन ७ वर घसरलं. दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसले होते, तुम्ही नव्हता.

मूठभर_शेंगदाणे
म्हणूनच ऋजुता दिवेकर म्हणतात ते बरोबर. दर दोन तासांनी थोडं थोडं.

ताटवाटी
तेही यांना जसंच्या तसं लागू होत नाही. दिवसभर चरत राहणं हे वजन परत येण्याचं मोठं कारण आहे. वेळ ठरवून चार-पाच छोटी जेवणं, मध्ये काही नाही.

दोनदाच_जेवतो
म्हणजे तुम्ही सोडून सगळे चूक.

सांगलीकर
अरे, धागा ताईंचा आहे, दीक्षित-दिवेकर भांडण दुसरीकडे न्या.

ताई, एक सांगायचं टाळलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझे नऊ किलो वाढलेत. ते पाच दिवसांचं पातळ मीही केलं. अडीच किलो उतरले, पंधरा दिवसांत परत आले. तेवढं तुमचं मान्य. इंजेक्शनचं नाही.

निळी_छत्री
काका, बंद केलं की परत येतं हे मलाही ठाऊक आहे. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या अभ्यासात ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. पण बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढतं, तेव्हा कुणी गोळीला नावं ठेवत नाही. सर्जरीनंतर ज्यांचं नीट उतरलं नाही अशांवर ब्रिटनमध्ये लिराग्लुटाइड हे त्याच जातीचं इंजेक्शन वापरून पाहिलं. २४ आठवड्यांत जवळजवळ ९ टक्के उतरलं, औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अर्धा टक्का.

पैशाचं म्हणाल तर इंजेक्शनबद्दल माझीही तक्रार आहे. माझ्या विमा कंपनीने ऑपरेशनचे पैसे दिले, इंजेक्शनचा एक रुपया नाही. दर महिन्याला नवऱ्याशी हिशेब करावा लागतो.

पण तुम्ही सर्जनला शेवटचं कधी भेटलात?

सांगलीकर
२०१६.

निळी_छत्री
काका! बायपासमध्ये लोह आणि बी-१२ तर आम्हा स्लीव्हवाल्यांहून जास्त कमी पडतं. थकवा येतो का?

सांगलीकर
येतो. वयाचा समजत होतो. सोमवारी फोन करतो त्यांना. इंजेक्शन घेणार नाही, हे आत्ताच सांगतो.