बाबांच्या फाईलवर ‘सल्फा ॲलर्जी’ लिहिलंय. सुजेची गोळी द्यायची की नाही?

नमस्कार. थोडं घाईत लिहितेय, पण सगळं सांगते.

बाबा ७४ वर्षांचे, आम्ही कोथरूडला राहतो. महिनाभरापासून दोन्ही पायांवर सूज आहे, बोट दाबलं की खळगा पडतो. जिना चढताना धाप लागते. हृदयाच्या डॉक्टरांनी परवा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून फ्युरोसेमाइड ही लघवीवाटे पाणी काढून सूज उतरवणारी गोळी, ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, अशी चिठ्ठी दिली. शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या मेडिकलमध्ये गेले. तिथले काका वीस वर्षं आमच्या घरची औषधं देतायत. त्यांनी पाकीट काढलं, हातात धरलं आणि परत फळीवर ठेवलं. म्हणाले, “अगं, बाबांना सल्फा चालत नाही ना? ही त्याच जातीतली. आधी डॉक्टरांना विचार, मग ने.” दवाखाना आता सोमवारी उघडणार.

ॲलर्जीची गोष्ट १९८७ ची. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी बाबांना को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फा असलेलं जंतुनाशक औषध दिलं होतं. आठ-नऊ दिवसांनी ताप आला आणि अंगभर लाल पुरळ उठलं. तेव्हापासून प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत दोनच शब्द: सल्फा ॲलर्जी. कोणती गोळी, कितव्या दिवशी, नेमकं काय झालं, काही नाही. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंही नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

काल रात्री वाचत बसले तेव्हा एक गोष्ट कळली आणि धस्स झालं. बाबा ११ वर्षं मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतायत, आणि त्यातही सल्फा औषधांत असतो तो सल्फोनामाइड नावाचा रासायनिक गट आहे! त्यांना कधीच काही झालं नाही. मग हे नाव इतकी वर्षं कुणाच्या नजरेतून सुटलं, की मुळात त्याने काही बिघडतच नाही?

भरीला आत्याचा फोन. ‘सल्फा म्हणजे गंधकच ना, कांदा-लसूण आणि अंडी बंद करा.’ बाबांनी आज कांद्याशिवाय पिठलं खाल्लं, तोंड पाडून.

माझे प्रश्न: ११ वर्षं ग्लिमेपिराइड पचलं म्हणजे फ्युरोसेमाइडही चालेल असं धरता येतं का? आणि पुण्यात औषधांच्या ॲलर्जीची नीट तपासणी करणारं कुणी तुमच्या अनुभवातलं आहे का?

एक सांगावंसं वाटतं. माझ्या आजोबांना चाळीसच्या दशकात न्यूमोनिया झाला होता. ते ‘एम अँड बी’च्या गोळ्यांनी वाचले असं आजी सांगायची. ती एम अँड बी ६९३ म्हणजे सल्फापिरिडीन, एक सल्फा औषधच, हे मला कालच कळलं. ज्या औषधाने बापाला वाचवलं त्याच्याच नावाची मुलाच्या फाईलवर लाल शाई, हे मनातून जात नाही.

प्रतिसाद १

ताई, सर्वात आधी हे: बाबांना आडवं पडल्यावर धाप लागत असेल किंवा रात्री दम लागून उठून बसावं लागत असेल, तर सोमवारची वाट बघू नका. आजच इस्पितळात न्या.

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. हा घोळ नावाने केलेला आहे. जंतूंना फॉलेट हे जीवनसत्त्व स्वतः तयार करावं लागतं, त्यासाठी त्यांना पाबा नावाचा कच्चा माल लागतो. सल्फाचा रेणू हुबेहूब पाबासारखा दिसतो, जंतूचं विकर (एन्झाइम) त्यालाच धरून बसतं आणि काम ठप्प होतं. आपण फॉलेट अन्नातून घेतो, म्हणून आपल्याला तो फटका बसत नाही. जर्मन शास्त्रज्ञ डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रॉन्टोसिल या पहिल्या सल्फा औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पेनिसिलिन बाजारात यायला अवकाश होता.

आता ॲलर्जी. जंतुनाशक सल्फाच्या रेणूला एका टोकाला ॲरिलअमाइन नावाचा आणखी एक रासायनिक गट असतो. यकृतात त्याचे जे विघटित पदार्थ होतात ते शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि प्रतिकारशक्ती बिथरते. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप आणि पुरळ, हे त्याचं ठरलेलं रूप. फ्युरोसेमाइड, ग्लिमेपिराइड, ॲसिटाझोलामाइड यांत सल्फोनामाइड गट आहे, पण तो ॲरिलअमाइन गट नाही. म्हणून एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू होण्याची शक्यता फार कमी. सल्फासॅलाझिन या सांधेदुखी-आतड्यांच्या सुजेवरच्या औषधाची गोष्ट वेगळी, पोटात गेल्यावर त्यातून सल्फापिरिडीनच सुटतं. ते बाबांना नकोच. गोळी बदलून टॉर्सेमाइड दिली तरी हाच प्रश्न येईल, तीही सूज उतरवणारीच, आणि ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया जातीची. कांदा-लसूण आणि अंडी यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही, आजच खाऊ द्या.

ग्लिमेपिराइडचा दिलासा आहे, पण त्यावरून फ्युरोसेमाइडची हमी मिळत नाही. खरा प्रश्न १९८७ चा आहे. तेव्हा तोंडात, डोळ्यांत फोड आले होते का? कातडी सोलली होती का? भरती करावं लागलं होतं का? यातलं काही झालं असेल तर ते स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे औषधाने होणारा कातडीचा जीवघेणा आजार, असू शकतं. मग को-ट्रायमॉक्साझोल आयुष्यभर वर्ज्य, आणि फ्युरोसेमाइडचा निर्णयही हृदयाच्या डॉक्टरांनी विचार करूनच घ्यायचा. आईंना विचारा. आणि मेडिकलच्या काकांचे आभार माना, त्यांनी थांबवलं ते बरोबरच केलं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, मनापासून आभार. बाबा रात्री एकाच उशीवर नीट झोपतात, त्यामुळे सोमवारपर्यंत थांबलो. आईला विचारलं. ती म्हणाली, तोंड स्वच्छ होतं, डोळे लाल नव्हते, कातडी सोलली नाही, भरती केलं नाही. गोळ्या बंद केल्यावर चार दिवसांत पुरळ गेलं. तेव्हा तिने रोज कोमट पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकून बाबांना आंघोळ घातली होती, तेही तिला आठवतं. आम्ही ३७ वर्षांहून जास्त काळ तिला हे विचारलंच नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांना हे सगळं, ग्लिमेपिराइडसकट, वाचून दाखवलं. त्यांनी पहिली गोळी दवाखान्यातच दिली आणि दोन तास बसवून ठेवलं. पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिनची तपासणी आठवड्याने करायची आहे. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर गोळी बंद करून लगेच यायचं, असं बजावलंय. आज चौथा दिवस. पुरळ नाही, सूज घोट्याच्या खाली आली आहे.

फाईलवर डॉक्टरांच्या सहीने आता असं आहे: ‘को-ट्रायमॉक्साझोल, १९८७, आठव्या-नवव्या दिवशी ताप व पुरळ, फोड नाहीत. जंतुनाशक सल्फा देऊ नये.’ त्याचा फोटो मेडिकलच्या काकांनाही दिला.

तपासणीचा प्रश्न अजून उभा आहे. कुणाच्या घरी पुण्यात हे करून घेतलं असेल तर कृपया सांगा.