‘प्रभावी शिक्षकाचे नऊ गुण’ वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा

दुधनाकाठ

काल आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर एक पोस्ट येऊन पडली. ‘प्रभावी शिक्षकाचे नऊ गुण’. चेहऱ्यावर सदैव स्मित, आवाजात चढउतार, नीटनेटका पोशाख, तंत्रस्नेही वृत्ती, नवोपक्रमशीलता वगैरे. नववा गुण ‘विद्यार्थ्यांवर जीव ओवाळून टाकणे’. खाली गुलाबाची फुलं. धडाधड अंगठे पडले. गेल्या महिन्यात ज्यांनी खडूला हात लावलेला नाही त्यांचेही पडले.

मी तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. द्विशिक्षकी शाळा. या नऊ गुणांपैकी माझ्यात फार तर तीन असतील, पोशाखाचा तर नक्कीच नाही. पण ज्याच्यावाचून बाकी सगळं वाया जातं तो गुण यादीत कुठंच नाही. तो म्हणजे लेकराची चूक वाचता येणं.

तिसरीतलं पोरगं. ४०२ वजा १७८. उत्तर लिहिलं ३७६. लाल फुली मारायची, ‘हातचा विसरलास’ म्हणून ओरडायचं आणि पुढं जायचं, हे मीही पहिली पाच-सहा वर्षं केलं. पण ते पोरगं काहीच विसरलेलं नव्हतं. २ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्यानं ८ मधून २ काढले, सहा. ७ मधून शून्य काढलं, सात. ४ मधून १, तीन. मोठ्यातून लहान काढायचं हा त्याचा नियम, आणि तिन्ही घरांत तो त्यानं इमानदारीनं पाळला. आपण त्याला बेध्यान म्हणतो!

त्याच्या बापाची फाट्यावर चहाची टपरी आहे. बाजाराच्या दिवशी पोरगं गल्ल्यावर बसतं. मी गणितपेटीतल्या खोट्या नोटा काढल्या, शंभराच्या चार आणि एक रुपयाची दोन नाणी त्याच्यापुढं ठेवली, म्हणलं १७८ दे. ते म्हणलं, ‘गुरुजी, चिल्लर न्हाई.’ मग? ‘मोडून आणतो की.’ शंभराची एक मोडून दहाच्या दहा केल्या, त्यातली एक मोडून रुपयाची दहा. समोर शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, सुटे बारा. १७८ माझ्या हातावर ठेवले आणि उरलेले मोजले, २२४. मधल्या घरात शून्य असलं की उसनं मागायला त्याच्याही पलीकडच्या घरी जावं लागतं, हे त्याला गल्ल्यावर कळत होतं, वहीत कळत नव्हतं. पस्तीस मिनिटं गेली. तेवढा वेळ चौथीचा वर्ग खिचडीच्या वासाकडं तोंड करून बसला होता, तेही सांगतो.

आता सांगा, यात स्मित कुठं लागलं?

लातूरची_लेक

गोष्ट छान आहे. पण अठरा लेकरांच्या शाळेत हे चोचले चालतात. माझ्या नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) बॅचला एकशे वीस जण बसतात, प्रत्येकाच्या बापाचा गल्ला कुठं शोधू?

माझ्या मते पहिला गुण एकच, विषय यायला पाहिजे. मग बाकीचं. ज्याला स्वतःला विषय धड येत नाही तो चूक काय कपाळ वाचणार? सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. त्यावर केवढा आरडाओरडा झाला! जी परीक्षा मास्तर व्हायला निघालेली पोरं देतात तिला गुरुजी का घाबरतात, एवढंच विचारते.

बप्पा_बीडकर

ताई, नरहर कुरुंदकर इंटरला नापास झालेले. नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये मास्तर होते, पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, अन् अख्खा मराठवाडा त्यांना आजही कुरुंदकर गुरुजी म्हणतो. त्यांच्या वक्ताला टीईटी असती तर नांदेडची काय दशा झाली असती?

लातूरची_लेक

एका कुरुंदकरांच्या आडून किती जण लपणार आहेत, बप्पा? ते परीक्षेत नापास झाले, विषयात नाही. तुमच्या तालुक्यातले किती मास्तर रात्री दोनपर्यंत वाचत बसतात?

बप्पा_बीडकर

रात्री दोनपर्यंत माहिती भरत बसतेत. सरल अन् यू-डायसची सरकारी पोर्टलं, पोषण आहार, आधार जुळत नसलेली पोरं, वरून मतदार यादी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मधी लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण अन् निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम द्यायचं नाही. आता सगळंच कागदावर ‘शैक्षणिक’ करून टाकलंय. तांदूळ मोजणं शैक्षणिक.

साधा_पालक

गुण-बिण राहू द्या हो. पहिला गुण म्हणजे शाळेत असणं.

आमच्या गावात पाच शिक्षक. पाचही जण शहरातून एका जीपमध्ये येतात. जीप पंक्चर झाली की पाची वर्ग पंक्चर. संध्याकाळी पॅसेंजर गाठायची म्हणून शेवटचा तास कुणी घेतच नाही, पोरांकडून पटांगणातला कचरा उचलून घेतात, त्याला म्हणे ‘कार्यानुभव’. घरभाडे भत्ता मात्र गावात राहतो म्हणून. ग्रामसभेचा ठराव जोडलाय, सरपंचाची सही आहे. चूक वाचायला आधी डोळे गावात लागतात.

गंगापूरच्या आमदारांनी २०२२ साली हाच विषय काढला, तर तेव्हाच्या औरंगाबादेत शिक्षकांनी मोर्चा काढला. पोरांना वाचता येत नाही म्हणून कधी मोर्चा निघालेला ऐकलाय का?

मोंढा_नाका

पॉपकॉर्न घेऊन बसलो. मुख्यालय आलं, म्हणजे मास्तरांनी नोकरीच्या गावीच राहायचा वाद, आता धागा शंभरी गाठणार.

शाळेतली_बाई

साधा पालक, तुम्ही मला खोली दाखवा, मी उद्या राहायला येते.

माझी पहिली नेमणूक जालना जिल्ह्यात झाली. वय तेवीस, लग्न व्हायचं होतं. गावात एक खोली मिळाली, तिचं दार आतून लागत नव्हतं. कडीच्या जागी सुतळी. संडास नाही, पहाटे चारला उठून बायकांबरोबर रस्त्याकडेला जायचं. फेब्रुवारी संपला की टँकर, आणि टँकर आला की मी शाळेत, म्हणजे माझा हंडा रिकामा. आठ महिने काढले. मग एका रात्री बाहेरून कुणीतरी ती सुतळी ओढून बघितली. दुसऱ्या दिवसापासून मी अप-डाऊन सुरू केलं, रोज दोन्ही बाजूंचे मिळून नव्वद किलोमीटर. अठरा वर्षं झाली. पाऊस असो, पोटात बाळ असो, पहिली घंटा मी कधी चुकवली नाही. ग्रामसभेचा खोटा ठराव जोडते का? हो, जोडते. लाज वाटते. आता बोला.

साधा_पालक

तुमच्यासारख्या बाईंबद्दल मी बोलत नव्हतो.

शाळेतली_बाई

सगळेच असं म्हणतात. बोलताना ‘मास्तर लोक’ म्हणायचं आणि समोर आलं की ‘तुम्ही नाही हो’. तलाठी कुठं राहतो? ग्रामसेवक कुठं राहतो? आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये कबुतरं राहतात. चर्चा मात्र फक्त मास्तरांच्याच ठरावाची. आणि विचारूनच टाकते, तुमची लेकरं कोणत्या शाळेत आहेत?

साधा_पालक

इंग्लिश मीडियमला. पिवळी बस येते. म्हणून मला बोलायचा हक्क नाही का? गावातली शाळा नीट असती तर कशाला चाळीस हजार भरले असते?

बप्पा_बीडकर

तुम्ही सगळ्यांनी लेकरं काढून नेली म्हणून पट पडला. पट पडला म्हणून संच मान्यतेत, म्हणजे पटावरून मास्तरांच्या जागा ठरवतेत त्यात, मास्तर कमी झाला. मास्तर कमी झाला म्हणून शाळा नीट नाही. आधी कुणी काय केलं ते बघा.

मोंढा_नाका

पूर्वी मास्तरांच्या हातात छडी होती तेव्हा हे सगळे प्रश्नच नव्हते.

दुधनाकाठ

मोंढा नाका, छडीनं ३७६ चे २२४ होत नाहीत. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला बंदी आहे. छडीला घाबरून पोरगं शेजारच्याचं उत्तर उतरवतं, मग वाचायला त्याची स्वतःची चूकसुद्धा शिल्लक राहत नाही.

आणि कृपा करून मूळ मुद्द्यावर या. मुख्यालयासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन शिव्या खातो.

किल्लारी_९३

मी एरवी लिहीत नाही, नुसता वाचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमचं गाव गेलं. मी तिसरीत होतो. काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडात शाळा भरली. गुरुजींच्या स्वतःच्या घरातलं माणूस गेलेलं. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला त्यांनी हजेरीपत्रक उघडलं, वरच्या एक-दोन नावांकडं बघितलं आणि मिटलं. मग आम्हाला एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाले, ज्यानं त्यानं आपापलं नाव लिहा. ते कागद गोळा करून दाभणानं शिवले. तेच आमचं नवं हजेरीपत्रक झालं.

जुनं वाचलं असतं तर कितीतरी नावांना ‘हजर’ म्हणणारं कुणी नव्हतं. हे मला फार मोठेपणी कळलं. गुरुजी शिकवायला तसे बेताचे होते, अपूर्णांक मला सातवीपर्यंत आले नाहीत. याला कोणता गुण म्हणायचं, मला माहीत नाही.

लातूरची_लेक

यावर वाद घालणार नाही.

पण धागाकर्त्यांना एक सांगते. तुम्हालाही वाटत असेल, लातूरचे क्लास म्हणजे घोकंपट्टी. आमच्याकडे पेपर होतो, त्याच दिवशी उत्तरं तपासतो. एका प्रश्नाला चाळीस पोरांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल तर मी त्या पोरांना शिव्या देत नाही, माझा तास पुन्हा बघते. एकदा धमनी-शिरांवरच्या प्रश्नात असंच झालं. मी वर्गात लाल-निळ्या खडूनं आकृती काढली होती, म्हणून पोरांनी धरून ठेवलं की धमनीत नेहमी शुद्धच रक्त. फुप्फुसाकडं जाणारी धमनी अशुद्ध रक्त नेते हे मी तोंडानं सांगितलं होतं, पण खडू लालच वापरला होता. चूक माझ्या खडूची.

दुधनाकाठ

मग अहो ताई, तुम्हीही चूकच वाचताय की! मी एका पोराची वाचतो, तुम्ही चाळीस जणांची एकदम वाचता. भांडण कशाचं चाललंय?

लातूरची_लेक

भांडण याचं, की धमनी-शिरा मला पक्क्या येत होत्या म्हणून खडूची चूक दिसली. विषय आधी. तुम्हाला तरी वजाबाकीतलं मधलं शून्य येत होतं म्हणून पोराचं कळलं. तुमच्या त्या अंगठेवाल्या मंडळींना ३७६ कुठून आले ते विचारून बघा.

दुधनाकाठ

विचारलं. आत्ताच गटावर टाकलं. एकानं ‘सुप्रभात’ पाठवलं, दोघांनी ‘हातचा विसरला’. बरं, विषय आधी. घ्या, दिला तुम्हाला मुद्दा. टीईटीचा मात्र देत नाही. त्या कागदावर चारांतला एक पर्याय काळा करायचा असतो, तिथं ३७६ लिहिणारं पोरगं समोर बसलेलं नसतं.

बप्पा_बीडकर

माझंबी ऐका अन् मग भांडा. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊस तोडणाऱ्या आई-बापाबरोबर कारखान्याला जातो. हंगामी वसतिगृह हाय, पण बारकं भाऊ-बहीण सांभाळायला थोरली पोरगी लागतेच, तिला कोण ठेवून जातंय? पाचवीतली एक पोरगी अशीच गेली. मी आठवड्याला तिच्या बापाच्या फोनवर फोन लावायचो. पुस्तक नव्हतंच. म्हणलं वजनकाट्याची पावती हाय का? ती वाच. तारीख वाच, गाडी नंबर वाच, टन वाच. मग म्हणलं वहीत मांडत जा. मार्चमधी मुकादमानं उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशाचा, हिशोब केला तर पोरगी वही घेऊन उभी. अकरा टन कमी धरलं होतं. बाप म्हणला, मास्तर, पोरीची शाळा आता बंद करत न्हाई.

नऊ गुणांत बसवा हे कुठं बसतंय ते.

मोंढा_नाका

तंत्रस्नेही. फोन वापरला ना.

शाळेतली_बाई

😀 मोंढा नाका, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

साधा_पालक

रात्री जेवण झाल्यावर सहज पोराला वहीवर ४०२ वजा १७८ घातलं. पाचवीत आहे, टाय लावून जातो. खाली मान घालून पटकन ३७६ लिहिलं, आणि माझ्याकडं बघितलं शाबासकीसाठी.

घरात शंभराची सुटी नाही. उद्या दुकानातून दहाच्या नोटा आणतो. शाळेतली बाई, त्या सुतळीचं वाचून झोप लागली नाही, आमच्या गावात दार नीट लागणारी खोली आहे का ते सरपंचाला विचारणार आहे. पण मुख्यालयाच्या मुद्द्यावरून मी हटलेलो नाही. जीप आजही पावणेअकराला आली.