पेरूची बाग, भारी जमीन: पाणी, खत, फवारणी कमी कशी करू?

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात दोन एकर पेरू आहे, ३ बाय २ मीटरवर लागण. जमीन काळी, भारी. खालच्या अंगाला उसाच्या रानात जास्तीच्या पाण्यानं मीठ फुटायला लागलंय, म्हणून बागेचं पाणी आवरायचं म्हणतोय. घरात मात्र एकमत नाही. थोरले काका म्हणतात, "पाणी तोडलंस की फळ बारीक राहणार." ते जुने ऊसवाले, रान ओलं दिसल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

ड्रिप आहे, झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर. पण वीज आहे तोवर मोटर चालू. वर माती वाळलेली दिसते, खुरप्यानं वीतभर उकरलं की चिखल आणि मुळ्या काळपट. जास्त होतंय एवढं कळतं, किती द्यायचं ते कळत नाही.

माती तपासली. स्फुरद 'जास्त', सेंद्रिय कर्ब कमी. तरी दुकानदार १२:६१:०० (ड्रिपमधून द्यायचं स्फुरदाचं खत) लिहून देतोच. बंद करू का?

फळमाशीसाठी सारखं फवारतोय, आणि तेव्हापासून पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) वाढलाय. की हा माझा भ्रम?

प्रतिसाद:
भ्रम नाही दादा. त्या औषधानं पिठ्या खाणारे मित्रकीटकही मरतात. माशीला मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणारा वास) सापळे लावा. त्यात फक्त नर सापडतात, माद्या फळात अंडी घालू शकतात, म्हणून गळलेली फळं रोज वेचून खोल पुरायचीच. लिंबाएवढ्या फळाला फोम-पिशवी घाला, पण आत पिठ्या नाही ना बघून. नाहीतर पिशवीत त्याची चैन होते.

पाणी: बाष्पीभवन मिमी × ०.७ (बाष्पीभवन पात्राचा गुणांक) × ०.७ (पिकाचा गुणांक) × झाडाचा पसारा चौरस मीटर = रोजचे लिटर. पसारा ४ आणि थंडीत बाष्पीभवन ४ मिमी धरलं तर जेमतेम ८ लिटर, म्हणजे तुमचा एक तास. उन्हाळ्यात ८ मिमी धरा, दोन तास. पाचट अंथरा, आपल्याकडं त्याला काय तोटा! बुंध्याला मात्र चिकटवू नका.

स्फुरद 'जास्त' असेल तर शिफारशीतून चौथाई कापतात, 'अत्यंत जास्त' असेल तर निम्मं. एकदम बंद नको.

धागाकर्ता:
आभारी आहे. एक तास हे काकांना पटवायला एक ओळ तशी चालवून दाखवतो, दोन्हीकडची फळं काट्यावर ठेवू. पण रात्रपाळीच्या विजेला तासाभरानं व्हॉल्व्ह बंद करायला कोण उठणार? टायमर कुणी बसवलाय का? लो व्होल्टेजमध्ये टिकतो का?