फॅसेटचं इंजेक्शन: आईला द्यावं का?

माजिवडेकर: आई ६४ वर्षांची, मधुमेह आहे, अ‍ॅस्पिरिन चालू. कंबर मागे वाकल्यावर जास्त दुखते, कळ मांडीपर्यंत जाते, गुडघ्याखाली नाही. एमआरआयमध्ये एल४-५ आणि एल५-एस१ (कंबरेतल्या सगळ्यात खालच्या दोन पातळ्या) इथले फॅसेट, म्हणजे मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे, झिजलेले दिसतात. दोन्ही बाजूंना इंजेक्शन सुचवलंय. एकदा घेतलं की सुटका होते का? घोडबंदर रोडने त्याच दिवशी घरी आणता येईल?

सुईदोरा: साठीनंतर झीज बहुतेकांच्या एमआरआयमध्ये दिसते, म्हणून दुखणं तिथलंच असं ठरत नाही. आधी विचारा, सांध्यात स्टिरॉइड देणार की मेडियल ब्रँच ब्लॉक, म्हणजे सांध्याची वेदना नेणाऱ्या बारीक नसांना भूल? पहिल्याचा भरवसा कमी. दुसरा म्हणजे मुळात तपासणी. एका सांध्याला दोन नसा, त्यातली एक शेजारच्याशी सामायिक. म्हणून दोन सांध्यांना एका बाजूला तीन सुया, दोन्हीकडे मिळून सहा. प्रत्येक ठिकाणी भूल फक्त ०.३ ते ०.५ मिली. जास्त ओतली की शेजारच्या नसाही बधिर होतात आणि निकाल फसवा येतो. सी-आर्मखाली (सुई टोचताना दाखवणारं एक्स-रे यंत्र) न बघता अंदाजाने टोचणार असतील तर सरळ नको म्हणा.

वाशी_लोकल: ब्लॉकनंतर खरं महत्त्व पहिल्या काही तासांचं. त्या सकाळी वेदनाशामक घ्यायचं की नाही ते विचारा, गुंगीचं औषध शक्यतो टाळा. घरी आल्यावर आईंना पडून राहू देऊ नका. दुखतं तेच करायला सांगा: दोरीवरचे कपडे काढणं, मागे वळणं. दर अर्ध्या तासाला दहापैकी किती, हे वहीत लिहा. ८ चं २ झालं तर नस सापडली. तीन आठवड्यांनी 'जरा बरं वाटतंय' याला काही अर्थ नाही. पुढची पायरी रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईच्या टोकाच्या उष्णतेने ती नस जाळणं: साधारण ८० अंशांवर ६० ते ९० सेकंद. आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर, कारण नस परत वाढते. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेचा २०१६ चा सल्लाही असाच: साध्या कंबरदुखीला इंजेक्शन नको, पण ब्लॉकने फरक पडला तर नस जाळण्याचा विचार करा.

सुईदोरा: स्टिरॉइड दिलं तर साखर काही दिवस चढते, रोज मोजा. ब्लॉक स्टिरॉइडशिवायही होतो, मधुमेहात तोच मागा. अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका. त्याच दिवशी घरी सोडतात, पण पाय काही तास जड पडू शकतो. स्कूटर नको, जिन्यात हात धरा. ताप आला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता कॅज्युअल्टीत.

माजिवडेकर: दुखणं एका बोटाने दाखव म्हटलं तर ती पट्ट्याच्या खाली, खळीवर बोट ठेवते.

वाशी_लोकल: मग थांबा! ते सॅक्रोइलिअ‍ॅक, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कटीचं हाड यांच्यातल्या सांध्याचं दुखणं असू शकतं. तो सांधा वेगळा, त्याच्या दाबून बघायच्या चाचण्या वेगळ्या. पाचपैकी तीन दुखऱ्या निघाल्या तर सुई तिथे जायला हवी. हे डॉक्टरांना उद्याच सांगा.