फरफ्युरालच्या हायड्रोजनेशनला कॉपर क्रोमाइट लवकर थकायलंय, निकेल वापरू का?

चिंचोली_केमवाला:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरला चिंचोली एमआयडीसीत एका छोट्या युनिटवर प्रोसेस बघतो. फरफ्युरालला (शेतीच्या कचऱ्यापासून मिळणारं द्रव अल्डिहाइड) हायड्रोजन जोडून फरफ्युरिल अल्कोहोल करतो, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात), पावडर कॉपर क्रोमाइट (तांबं-क्रोमियमचं कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक) घालून, दीडशे-पावणेदोनशे डिग्रीला. माल जातो कोल्हापूरच्या फाउंड्र्यांकडे, रेझिनवाल्यांमार्फत. अडचण अशी की कॅटलिस्ट गाळून पुन्हा वापरलं की पहिल्या बॅचला हायड्रोजन झपझप ओढतं, पुढच्या बॅचला मंद, मग अजून मंद, म्हणून आम्ही टेम्परेचर दोनशेच्या वर नेतो आणि मग जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मालातले घटक वेगवेगळे दाखवणारं यंत्र) नवीनच एक हलका पीक दिसायला लागतो. आता मालक म्हणतायत तांबं सोडा, राने निकेल (निकेलचं सच्छिद्र कॅटलिस्ट) घ्या, ते जास्त जोरदार आहे. खरंच बदलू का? कुणी केलंय का हे?

काळी_पावडर:
निकेल नको, अजिबात नको. जोरदार आहे हे खरं, पण तुम्हाला जोर नकोय, निवड पाहिजे. तांबं त्या अल्डिहाइडच्या सीओ (कार्बन-ऑक्सिजन) बंधावर काम करतं आणि फ्युरानच्या रिंगला (रेणूतल्या अणूंच्या कड्याला) जवळपास हात लावत नाही. निकेल रिंगसुद्धा हायड्रोजनने भरून टाकतं, मग टेट्राहायड्रोफरफ्युरिल अल्कोहोल मिळतं, आणि ते तुमच्या फाउंड्रीवाल्याच्या काही कामाचं नाही, कारण रेझिन बनायला ती रिंग शाबूत पाहिजे. त्यात निकेल कार्बन-कार्बन बंधही तोडतं. विस्कॉन्सिनच्या होमर अॅडकिन्स यांनी १९३१ च्या सुमारास कॉपर क्रोमाइट पुढे आणलं ते एस्टरपासून अल्कोहोल करायला, आणि आज इतक्या वर्षांनीही फॅटी अल्कोहोलवाले तांब्यालाच धरून आहेत, त्यामागे हीच निवड आहे.

आणि तो हलका पीक बहुतेक २-मिथाइलफ्युरान असणार, उकळणबिंदू साधारण ६४ डिग्री. दोनशेच्या वर तांब्यावर अल्कोहोलचा ऑक्सिजन निघून जातो. म्हणजे टेम्परेचर वाढवून तुम्ही कॅटलिस्टचा थकवा झाकताय आणि माल घालवताय.

अक्कलकोट_रोड:
वरच्यांशी सहमत. पण मूळ प्रश्न कॅटलिस्ट का थकतंय हा आहे. फरफ्युराल कुठून घेता? बगॅसचं (उसाच्या चिपाडांचं) असेल तर आम्लाच्या पाचनातून आलेलं असतं, त्यात अॅसेटिक अॅसिड राहतं, गंधकाची संयुगं राहू शकतात. तांब्याला गंधक आणि क्लोरिन दोन्ही चालत नाहीत. क्लोराइड तर दुहेरी मार देतं, साइट्स (रिअॅक्शन होते त्या जागा) अडवतं आणि तांब्याचे कण एकमेकांत मिसळायला मदत करतं. तांबं वितळतं १०८५ डिग्रीला, पण बारीक कण त्याच्या कितीतरी खाली हलायला लागतात, म्हणून तीनशेच्या वर कॉपर कॅटलिस्ट नेऊच नये असं सगळे सांगतात. तुमच्या टेम्परेचरला मात्र हे मुख्य कारण वाटत नाही. गाळल्यावर पावडरचा रंग काय असतो? काळीच का लाल झालीय? चिकट लागते का?

चिंचोली_केमवाला:
रंग काळाच आहे सर. पण चिकट, फिल्टरवर डांबरासारखी बसते. फरफ्युराल विकत घेतो, ड्रममध्ये पडून असतो महिना-महिना.

अक्कलकोट_रोड:
मग सापडलं बघा. लाल पडली असती तर क्रोमाइट जास्त रिड्यूस झालं (ऑक्सिजन निघून नुसतं धातूचं तांबं झालं) असं म्हणालो असतो. इथं पॉलिमर बसायलाय, तव्याला करपलेली भाकरी चिकटते तसा, आणि हायड्रोजन आत पोचत नाही. फरफ्युराल हवेत ऑक्सिडाइझ होऊन आम्ल होतं, ते आम्ल रेझिन बनवतं. उपाय असा, ड्रम नायट्रोजनखाली ठेवा, चार्ज करायच्या आधी थोड्या सोडा अॅशने न्यूट्रल करा, मग व्हॅक्यूममध्ये डिस्टिल करून ताजं ताजं वापरा. कडक कॉस्टिक मात्र घालू नका, कॅनिझारो रिअॅक्शन होऊन माल अल्कोहोल आणि आम्ल असा अर्धा-अर्धा फुटतो. आम्ल राहिलं तर दुसरंही भय आहे, फरफ्युरिल अल्कोहोल आम्लात जोरात पॉलिमराइझ होतं, उष्णता आवरत नाही, टाकी फुटू शकते. हे ऑपरेटरला आजच सांगा.

काळी_पावडर:
एक जोडतो. वापरलेली पावडर फिल्टरवर उघडी सोडू नका, रिड्यूस झालेलं तांबं हवेत तापून पेट घेतं, वर सॉल्व्हंट असेल तर विचारूच नका. ओलीच ठेवा. आणि डांबर जाळून काढायला हवेत भाजण्याचा मोह होईल, तो टाळा, त्यात सहा-संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं, ते कॅन्सरकारक आहे. गरम सॉल्व्हंटने धुवून बघा, नाही निघालं तर घातक कचऱ्यातच द्या. पुढंमागं क्रोमियमच नको असेल तर कॉपर-सिलिका किंवा कॉपर-झिंक-अॅल्युमिना बघा. त्या प्रकारचं कॉपर-झिंक कॅटलिस्ट १९६६ पासून मिथेनॉलमध्ये चालतंय. फक्त ते आधी रिड्यूस करायला लागतं, आणि ती रिअॅक्शन भरपूर उष्णता देते, म्हणून नायट्रोजनमध्ये एक-दोन टक्के हायड्रोजनपासून हळूहळू वाढवायचं. घाई केली की बेड तापून कॅटलिस्ट तिथंच मेलं.

चिंचोली_केमवाला:
खूप आभार दोघांचे. मालकांना रिंगचा मुद्दा पटला, निकेलची ऑर्डर थांबवलीय. जुना व्हॅक्यूम स्टिल पडूनच होता, तो उद्यापासून धुवायला घेतो. सोडा अॅश किती घालू ते पीएच कागदावर बघून ठरवतो, आणि धुतलेली पावडर हायड्रोजन किती ओढते ते इथंच टाकतो.